डाव्या दिव्यासाठी घोटीपर्यंत

"बाईमाणसाच्या हातात गाडी गेली ना साहेब, की वायरिंगला त्रास होतोच."

दत्तू मिस्त्रींचं डोकं बॉनेटखाली होतं, त्यामुळे हे वाक्य थेट इंजिनातून आल्यासारखं वाटलं. साहेब म्हणजे माझे मोठे काका. बाईमाणूस म्हणजे मी. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि मिस्त्रींना दिसावं म्हणून त्यांचाच टॉर्च धरून होते.

काकांनी मान डोलावली. "शिकलेली आहे हो. पण इंग्लिश मीडियमची." लहानपणी हिला कावीळ झाली होती, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मिस्त्रींनी वळून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मला मराठी कळत नाही असं तिथेच ठरलं, आणि पुढचा तासभर दोघंही माझ्याविषयी माझ्यासमोर मोकळेपणाने बोलत राहिले.

नाशिकला लोक येतात ते गोदावरीत पाय बुडवायला, नाहीतर द्राक्षांच्या मळ्यात फोटो काढायला. मी याच शहरात जन्मले, वाढले. तरी गेल्या महिन्यात शुक्रवार ते रविवार मी जे नाशिक पाहून आले, तिथे कुठलीच सहल जात नाही. मीही गेले नसते. मला गाडीच्या डाव्या दिव्याने नेलं.

गाडी बाबांची. मी दुसरीत असताना घेतलेली. मध्यंतरी बाबांना संध्याकाळनंतर नीट दिसेनासं झालं, म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. नंतर गाडीचंही तसंच व्हायला लागलं. डावा दिवा पिवळा पडायचा, देवघरातल्या समईइतका. डावीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर लावला की दिवाही त्याच्या तालावर डोळा मारायचा. मी आयुष्यात कोणाला डोळा मारलेला नाही. माझी गाडी मात्र अख्ख्या कॉलेज रोडला मारत होती.

एरवी हे चाललं असतं. पण मला घोटीच्या एका भाताच्या गिरणीत तांदूळ तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. सुटका संध्याकाळी सहाला, आणि हिवाळ्यात सहा म्हणजे अंधारच. तिथून मिळेल त्या वाहनाने परत यायचं हे घरात कोणालाच मंजूर नव्हतं. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. आईने तर 'घराजवळ बघू काहीतरी' असं म्हणायला सुरुवातही केली होती.

बाबांनी तोडगा काढला. "रविवार संध्याकाळपर्यंत दिवे नीट झाले तर गाडी तुझी. नाहीतर दादाने गिऱ्हाईक आणलंय, देऊन टाकू."

दादा म्हणजे मोठे काका. गॅरेजमध्ये मुलीने एकटीने जायचं नाही हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम, म्हणून माहितगार पुरुष म्हणून सोबतही तेच. त्यांची माहिती अशी, की त्यांनी आयुष्यभर फक्त स्कूटर चालवली आहे. पण मिस्त्री आणि काका एकमेकांशी बोलतात तेव्हा ही गोष्ट दोघांनाही आठवत नाही.

शुक्रवार : पंचवटी

दत्तू मिस्त्रींचं दुकान पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात आहे. तिथपर्यंत गाडी न्यायला आम्हाला वेळ लागला, कारण वाटेत मेथीच्या जुड्या, नुकतंच मुंडण करून आलेली चार माणसं आणि स्कूटरवरून फोनवर मुहूर्त सांगत निघालेले एक गुरुजी, या सगळ्यांना आमच्या आधी जायचं होतं.

आमच्या गंगापूर रोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोबाईल नंबर विचारतात आणि नंतर महिनाभर 'आमची सेवा कशी वाटली' म्हणून छळतात. पंचवटीत पद्धत वेगळी. इथे यात्रेकरूलाही आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग काम. दत्तू मिस्त्रींनी तोच क्रम पाळला. काकांनी गाव सांगितलं. मिस्त्रींची आत्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. मग आत्याचे गुडघे, तिच्या सुनेचा स्वभाव, तिथल्या विहिरीचं पाणी हे सगळं झालं आणि अर्ध्या तासाने बॉनेट उघडलं.

बॉनेटमध्ये डावीकडे, दिव्याच्या अगदी मागे, सुकून काळं पडलेलं लिंबू लटकत होतं. खाली सात मिरच्या. हे मोठ्या काकांचं काम. पूर्वी ते लिंबू-मिरची बाहेर, नंबर प्लेटखाली बांधायचे. पण महामार्गावर ती दोनदा तुटून पडली, आणि पडलेलं लिंबू आपल्याच चाकाखाली येणं म्हणजे फारच वाईट. म्हणून वर्षभरापासून ते आत, एका बोल्टला तारेने घट्ट बांधतात. दर शनिवारी नवीन. लिंबातून आरपार घातलेली तीच तार बोल्टला गुंडाळायची, म्हणजे हलायला नको.

मिस्त्रींनी लिंबू उलट्या हाताने अलगद बाजूला केलं आणि तो हात कपाळाला लावला. "हे आहे ते बरंय, साहेब. याला नका हलवू."

मी टॉर्च धरून होते, म्हणून मला दिसलं. लिंबाखालच्या त्या बोल्टवर दोन काळ्या वायरी कसलेल्या होत्या, आणि बोल्टभोवती हिरवट-पांढरा थर जमला होता. चुन्यात मोरचूद कालवल्यासारखा. मी चार वर्षं प्रयोगशाळेत घालवली आहेत. आम्ल धातूला काय करतं हे मी परीक्षेत लिहून आले आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन परत फिरतो तो अशा काळ्या वायरीने आणि अशाच बोल्टवरून. मिस्त्री लोक त्याला अर्थिंग म्हणतात. परतीची वाटच गंजली तर दिवा पिवळा पडणार, आणि शेजारच्या इंडिकेटरचा प्रवाहही भलतीकडे घुसणार.

हे सगळं मी मनात आधी इंग्रजीत म्हणून पाहिलं, मग मराठीत आणलं, मग त्यातून आगाऊपणा वाटेल ते शब्द काढले. तोवर मिस्त्रींनी दोन्ही बल्ब बदलून बॉनेट आपटलं होतं.

"जास्त ताकदीचे टाकलेत. आता दिवस असतो रात्री."

नंतर आम्ही मिसळ खाल्ली. वाढणाऱ्याने काकांना विचारलं, "ताईंना झेपंल का तिखट?" काका म्हणाले, "बघू या." तर्री माझ्या कानातून निघाली. दही मागायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी शेवटपर्यंत रडत खाल्लं. काकांना वाटलं, मला गाडीचं वाईट वाटतंय.

संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीसमोर दिवे लावले. जास्त ताकदीचा डावा दिवा पूर्वीपेक्षा मंद होता.

"नवीन आहे," काका म्हणाले. "बसायला वेळ लागतो."

शनिवार : देवळाली कॅम्प

शनिवार म्हणजे लिंबाचा दिवस. सकाळी काका अंघोळ करून, ओल्या केसांनी खाली आले. जुनं लिंबू उतरवलं, नवं रसरशीत लिंबू तारेत ओवलं आणि तार बोल्टभोवती चांगले चार वेढे देऊन आवळली. लिंबातून दोन थेंब तारेवरून ओघळत बोल्टवर गेले. मी ते जाताना पाहिले. प्रयोगाची मांडणी इतकी व्यवस्थित आमच्या सरांनीही कधी केली नव्हती.

"काका," मी म्हणाले.

"हं?"

"काही नाही."

देवळाली कॅम्पात शिरलं की आपण आपोआप पाठ ताठ करून बसतो. झाडांच्या बुंध्यांना एकाच उंचीपर्यंत गेरू-चुना, रस्त्याकडेचे दगड ओळीत, आणि हॉर्न वाजवला तर आपल्यालाच चोरी केल्यासारखं वाटावं इतकी शांतता. इथले मिस्त्री निवृत्त फौजी. मूळचे साताऱ्याकडचे, पण वीस वर्षं पलटणीत काढल्यामुळे मराठीच्या मधोमध हिंदी येते. त्यांनी ना गाव विचारलं ना आडनाव. "मॅडम गाडीत बसणार. उतरायचं नाही. साहेब, आप इधर, साईडला. सगळं सिस्टिमने होईल."

काका साईडला झाले. तीन दिवसांत तेवढीच वेळ.

"मॅडम, लाईट ऑन!"

मी लावला.

"ऑफ! ऑन! डिपर! ऑफ!"

या प्रवासात कोणीतरी थेट माझ्याशी बोलण्याची ही पहिली वेळ. मला बरं वाटलं. दोन-तीन शब्दांचा का होईना, संवाद होता.

फौजींनी फ्यूज तपासले, रिले नावाची काळी डबी बदलली, प्रत्येक वायर फडक्याने पुसली. स्वच्छतेचं इतकं वेड असलेला मिस्त्री मी पाहिला नव्हता. पुसत पुसत ते डावीकडे आले आणि लिंबापाशी फडकं थांबलं.

"ये किसने बांधलंय?"

"मी," काका साईडवरून म्हणाले. "दर शनिवारी."

"ठीक आहे. लगा रहने दो." आणि तेवढी वीतभर जागा सोडून फडकं पुढे गेलं.

खिडकीतून डोकं बाहेर काढून मी म्हणू शकले असते. वाक्यही तयार होतं: त्या लिंबाखालचा बोल्ट बघता का? पाच शब्द. पण फौजींनी उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आज्ञा पाळणं हे न बोलण्याचं फार सोयीचं कारण असतं.

मग त्यांनी गाडी एका भिंतीसमोर लावली. भिंतीवर खडूने एक आडवी रेघ होती. स्क्रू फिरवून फिरवून त्यांनी दोन्ही दिव्यांचा झोत रेघेवर केसभरही चूक न होता आणला. उजवा लख्ख, डावा समई. पण दोन्ही एका रेषेत.

"मंद आहे, लेकिन सीधा आहे," ते म्हणाले. मला आमच्या घरातले एक-दोघं आठवले.

बेकरीतली गरम नानकटाई खात आम्ही परत निघालो. नाक्यावर डावीकडे वळताना इंडिकेटर लावला, आणि समोरच्या बसस्टॉपवरच्या दोन जवानांना माझ्या गाडीने सरळ रेषेत डोळा मारला.

काकांनी तिथेच फोन काढला. "हां, रविवारी संध्याकाळी या. नाही, दिव्यांचं काही होईलसं वाटत नाही. जुनी गाडी आहे, माझं ऐकायचं तर विकलेलीच बरी." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तुझ्या भल्यासाठीच. रोज एवढ्या लांब कशाला?"

मी गिअर टाकला. जरा जोरात. गाडीने करकर केलं, आणि काका म्हणाले, "बघ, हेच ते."

रविवार : घोटी

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, निदान रस्ता तरी बघून या. माझ्या लक्षात आलं, त्यांनाही गाडी द्यायची नव्हती. पण थोरल्या भावाला नाही म्हणणं त्यांना साठ वर्षांत जमलेलं नाही. हा गुण मला कोणाकडून आला ते शोधायची गरज नाही.

विल्होळी ओलांडली आणि धुकं आलं. वाडीवऱ्ह्याजवळ तर पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. मी हेडलाईट लावले. समोरून येणाऱ्याला एकच दिवा दिसत असणार, म्हणजे तो आम्हाला मोटारसायकल समजत असणार. एक टेम्पो तसं समजूनच आमच्या अंगावर आला. मी डावीकडे घेतलं, चाक मातीत उतरलं, टेम्पोवाल्याने तीन पिढ्यांचा उद्धार केला. काकांनी डोळे मिटून बॉनेटच्या दिशेने हात जोडले. त्यांना वाटलं, लिंबाने वाचवलं. मला वाटलं, लिंबानेच मारलं होतं.

गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आतापर्यंत ही गंमत होती. मी घरी जाऊन मैत्रिणीला सांगणार होते. पण सोमवारपासून रोज याच रस्त्याने अंधारात परत यायचं होतं, आणि मला कारण ठाऊक होतं, आणि मी तीन दिवस ते तोंडात धरून बसले होते.

घोटी आली तसं धुकं विरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेला, खाचरांत पिवळी धसकटं, आणि हवेत नव्या तांदळाचा वास; हा वास पिशवीतल्या तांदळाला येत नाही. भाताच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे पत्र्याच्या शेडवर पाटी दिसली: 'ट्रॅक्टर, पिकअप, सर्व लायटींग'. मी काकांना न विचारता गाडी आत घेतली. माझ्या मते हा या प्रवासातला सर्वांत धाडसी प्रसंग आहे. वाचकाला तसा न वाटल्यास तो कधी आमच्या घरात राहिलेला नाही.

"इथे कशाला? हा ट्रॅक्टरवाला," काका म्हणाले. पण समोरच्या झोपडीवजा हॉटेलात तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं होतं, आणि काकांची तत्त्वं वासापुढे टिकत नाहीत. "मी आलोच. त्याला सांग, साहेब येईपर्यंत कशाला हात लावू नको."

मिस्त्रींचं नाव निवृत्ती. साठीचे, टोपी मागे सरकवलेली, हाताला ग्रीस. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला.

"गाडी कोन चालवतं?"

"मी."

"मंग तुमीच सांगा ताई. कवा मंद होतो? निसता, का सिग्नल लावल्यावर जास्ती?"

कोणी विचारेल याची मला सवयच राहिली नव्हती. मी सांगायला लागले: पिवळा पडतो, इंडिकेटरबरोबर लुकलुकतो, मोठा बल्ब टाकल्यावर अजून मंद झाला. सांगताना माझा आवाज इतका लहान होता की ते वाकून ऐकत होते. पण ऐकत होते.

"बल्ब नाय मंग. तुमच्या मनात काय हाय?"

मी बोट दाखवलं. लिंबाकडे.

निवृत्ती मिस्त्री लिंबाकडे बघत राहिले. मग टोपी पुढे घेतली, मागे घेतली. "बरोबर हाय तुमचं. अर्थिंगचाच बोल्ट हाय तो. लय दिसांचा खाल्लेला दिसतोय." ते एक पाऊल मागे सरकले. "पन मी नाय हात लावनार, बुवा. तुमचं लिंबू, तुमीच काढा. पक्कड घ्या ही."

तीन मिस्त्री, तीन पद्धती, आणि लिंबापुढे तिघंही सारखेच. फरक इतकाच की याने पक्कड दिली.

मी हॉटेलाकडे पाहिलं. काकांची पाठ दिसत होती, आणि दुसरी भाकरी. मी तार तोडली. लिंबू हातात आलं. मी विज्ञानाची पदवीधर, हे सगळं थोतांड आहे असं कॉलेजात तावातावाने म्हणणारी. तरी मी ते रस्त्यावर टाकलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. ज्याला हसायचं त्याने हसावं, मीही हसले.

लिंबू गेल्यावर निवृत्ती मिस्त्री पुन्हा माणसात आले. त्यांनी मला एक लांब वायर दिली. "एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा. दुसरं त्या काळ्या वायरींच्या टोकाला. मी दिवा लावतो."

मी टोक टेकवलं. डावा दिवा भक्कन पेटला. भर दुपारच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, समोरच्या ट्रॅक्टरच्या नांगरावर पांढरा गोल उमटला. टोक उचललं, समई. टेकवलं, लख्ख. मी ते चार-पाच वेळा केलं. गरज एकदाच होती.

"पुरे की ताई," मिस्त्री हसले. "दिवाळी झाली औंदाची."

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढला, काचपेपरने घासून चकचकीत केला, वायरींची टोकं घासली, परत कसलं, वर ग्रीस. घासायचं काम मी केलं. हाताला वास लिंबाचा आणि गंजाचा.

काका मिशी पुसत आले. दिवा पाहिला. "अरे वा! काय बदललंत?"

"मी काय नाय केलं. ताईंनी केलं," मिस्त्री म्हणाले.

काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "लाजतो बिचारा! गावाकडची माणसं अशीच." मग बॉनेटमध्ये पाहून थबकले. "लिंबू कुठाय?"

मिस्त्री ग्रीसच्या डब्याचं झाकण शोधू लागले. मीही ते शोधायला मदत केली.

"पडलं असेल त्या टेम्पोच्या वेळी," काका स्वतःच म्हणाले. "काम करून गेलं." आणि हॉटेलासमोर विकायला ठेवलेल्या टोपलीतून त्यांनी चांगली टपोरी चार लिंबं घेतली.

गिरणीची जागा बघून परतताना विल्होळीच्या अलीकडे सूर्य टेकला आणि मी दिवे लावले. दत्तू मिस्त्रींचे ताकदवान बल्ब, फौजींनी साधलेला नेम आणि घासलेला बोल्ट, तिन्हींचं मिळून रस्त्यावर जे पडलं ते पाहण्यासारखं होतं. कडेची बाभूळ, मैलाचा दगड, पुलाचा कठडा, सगळं आपापल्या जागी येऊन उभं राहत होतं. समोरच्याने एकदाही दिवे चमकवले नाहीत. काका म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, वेळ लागतो बसायला."

घरी पोचलो तेव्हा बाबा फाटकाशीच उभे होते. भिंतीवर दोन सारखे पांढरे गोल पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

काकांनी बॉनेट उघडलं. एका हातात तारेत ओवलेलं नवं लिंबू, दुसऱ्या हाताने कानाला फोन. "हां, या, या. दिवे मी करून घेतलेत हो, एकदम नव्यासारखे. आता तर तुम्हाला नाही म्हणायला जागाच नाही. अर्ध्या तासात? या." फोन कान आणि खांद्यामध्ये धरून ते वाकले, आणि माझ्या हाताने घासून चकचकीत झालेल्या बोल्टभोवती तारेचा पहिला वेढा द्यायला लागले.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी बाबांकडे. दोघांपैकी कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि बाबांची साठ वर्षं आधीच गेली होती.

या वेळी मी वाक्य आधी इंग्रजीत म्हणून पाहिलं नाही.

"काका, त्यांना सांगा येऊ नका. गाडी मी चालवते. आणि ते लिंबू तुमच्या स्कूटरला बांधा."